वीतभर वर

सरनोबत मॅडम एस.टी.तून उतरल्या आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "हर्डल कुठं लावल्यात?"

त्यांना आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवायचं, नारळ-टॉवेल द्यायचा, पोह्यांची बशी पुढे करायची, ऊन चढेपर्यंत वेळ काढायचा आणि मग मैदानाच्या पार टोकाला खुर्ची टाकून तिथूनच काय ते बघायला लावायचं, असा बेत मी दोन दिवस डोकं खाजवून रचला होता. मॅडमनी तो फाट्यावरच निकालात काढला.

"मैदानावरच आहेत," मी म्हणालो. "पण आधी चहा तरी..."

"चहा मुलगी पळाल्यावर. चला."

पन्नाशीच्या बाई. उंच, सावळ्या, केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात एक सोडून दोन स्टॉपवॉच. एके काळी त्या स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीत धावलेल्या होत्या आणि आता एका निवासी क्रीडाशाळेसाठी जिल्ह्याजिल्ह्यातून मुली निवडत फिरत होत्या. त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा माण तालुक्यातल्या खडकेवाडीच्या हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो. पिसाळ सर म्हटलं की पोरं रांगेत उभी राहायची, असा माझा दरारा. माझी शिट्टी गावच्या वेशीपर्यंत ऐकू जायची. त्या सकाळी मात्र त्या दराऱ्याचा काही उपयोग नव्हता. शालन गलांडेची निवड व्हावी, हे मला मनापासून हवं होतं. आणि मॅडमनी आमच्या हर्डलला हात लावू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

शालन नववीत होती. महिन्यापूर्वी साताऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत ती ऐंशी मीटरची अडथळ्यांची शर्यत अशी काही पळाली, की पंचांनी आधी तिचं नाव विचारलं नाही, घड्याळ कानाला लावून बघितलं. पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेली पोर, पायात बूट नाहीत, आणि दुसरीच्या चार ढांगा पुढे. घड्याळ बरोबर आहे का, हे बघायलाच मॅडमना आता इथवर धाडलं होतं.

मैदानावर फक्कीच्या रेघा मी पहाटेच मारून ठेवल्या होत्या. एका रांगेत आठ हर्डल, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, अडीच अडीच फुटांच्या. शालन तिथं उभी राहून एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होती. तिची थोरली बहीण मालन नेहमीसारखी मैदान दाबायच्या दगडी रुळावर बसलेली. एक पाय दुमडलेला आणि दुसरा सरळ पुढे, कारण तो दुमडत नसे.

"बूट नाहीत?" मॅडमनी शालनला विचारलं.

"हाईत. पर चावत्यात, बाई."

मॅडम हसल्या. मग त्यांनी पिशवीतून टेप काढून तिची उंची घेतली, कमरेपासून टाचेपर्यंत पाय मोजला, मनगट दोन बोटांत धरून बघितलं, घोटा बघितला, अगदी बैलबाजारात बघतात तसं. प्रत्येक आकडा वहीत लिहीत होत्या.

"आई उंच आहे का तुझी?"

"आईपरास आक्का उंच हाय. ती काय, रुळावर बसलीया."

मॅडमनी वळून मालनकडे पाहिलं. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून खाली त्या सरळ पायापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"ही पण पळायची का?"

"पूर्वी," मी घाईने म्हणालो. "तीन वर्षांपूर्वी. आता नाही. पडली ती. पाऊल चुकलं."

"माझंच ध्यान नव्हतं, बाई," मालन रुळावरून म्हणाली, आणि हसली. तिला तसं म्हणायची सवय झाली होती. ते वाक्य तिला कुणी शिकवलं, ते मी पुढे सांगतो.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी बघायला मान लांब केली, तर त्यांनी वही मिटली.

"पळवा तिला," त्या म्हणाल्या. "शिट्टी तुमची, घड्याळ माझं."

शालन रेघेवर जाऊन वाकली. मी शिट्टी तोंडात धरली. ते दृश्य मी दोन वर्षं रोज सकाळी बघत आलो होतो. गावाला वाटे, सर किती मन लावून बघतात. मन कसलं लावतोय! मी मोजत असे. एक गेली, दोन गेली, चौथी येतेय. चौथीपाशी मी डोळे मिटून घेई. आठवी ओलांडल्यावर मला श्वास घ्यायची आठवण होई.

"जागेवर! तयार!"

शिट्टी वाजली. शालन सुटली आणि रुळावरून मालनच्या टाळ्या सुरू झाल्या.

"एक, दोन, तीन, वीतभर! एक, दोन, तीन, वीतभर!"

दोन हर्डलच्या मध्ये तीन पावलं, आणि मग हर्डलच्या वर वीतभर. हा मालनचा धडा. तो माझा नव्हता. पावलं मी शिकवली, हात कसा टाकायचा, मागचा पाय कसा बाजूने काढायचा, तेही मी शिकवलं; पण ती वीत मालनची होती. रोज संध्याकाळी म्हणे घरी परसात दोरी बांधून ती शालनकडून उड्या मारून घ्यायची, आणि पाय आणि दोरीमध्ये तिची वीत बसली नाही तर पुन्हा मारायला लावायची.

आठवी हर्डल गेली. मी श्वास घेतला. मॅडमनी दोन्ही घड्याळं दाबली, दोन्ही बघितली आणि मला दाखवली. बारा पूर्णांक आठ. दोन्हींत.

मला वाटलं, सुटलो. पोरगी निवडली गेली, मॅडम चहा पिऊन जाणार, सगळ्यांचं भलं.

"बरं का पिसाळ सर," मॅडम म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. चांगली म्हणजे काय, मी दहा वर्षांत अशी बघितली नाही. सुटायला जरा आळशी आहे, ते महिन्यात जाईल. ढांग लांब आहे. हर्डलवरून उतरल्यावर हिचा पाय जमिनीवर थबकत नाही, आणि ते शिकवून येत नाही. अजून चार बोटं वाढेल, बहिणीकडे बघून सांगते. नीट हातात पडली तर दोन वर्षांत राज्यात पहिली येईल. त्याच्या पुढचं मी बोलत नाही, दृष्ट लागते."

मी मान डोलावत राहिलो. छाती भरून आली होती.

"पण ही हर्डलवरून पळत नाही. उडी मारते. वीतभर जास्त. आठ ठिकाणी आठ विती, म्हणजे अर्धा सेकंद ती हवेतच घालवते."

"घेईल शिकून."

"नाही घेत. तेच तर सांगते." मॅडमनी आवाज खाली आणला. "नवशिक्या मुली पहिल्या वर्षी हर्डल पाडतात. कुणी दोन पाडतं, कुणी चार. ज्या पाडतात, त्यांना खाली किती जागा आहे ते कळतं. हिने साताऱ्याला एक पाडली नाही, इथं एक पाडली नाही. पायाचा केस लागला नाही. तीस वर्षांत असं मी बघितलेलं नाही. ही मुलगी घाबरलेली आहे सर. ही शर्यत पळत नाही, कशापासून तरी पळते. कशापासून?"

"छे छे," मी म्हणालो. "तशी धीट आहे."

"अशा घाबरलेल्या दोन मुली मी आधी नेल्या. वेळ चांगली होती म्हणून नेल्या. दोघीही वर्षाच्या आत घरी परत गेल्या. या वर्षी माझ्याकडे एकच जागा आहे, आणि फलटणकडची एक मुलगी आहे. हिच्यापेक्षा हळू, पण बिनधास्त. चार चार पाडते आणि हसते." त्यांनी वही काखेत मारली आणि हाक दिली, "शालन, इकडे ये."

शालन धापा टाकत आली.

"हे बघ बाळा, आता पुन्हा पळायचं. या वेळी वर जायचं नाही, खाली राहायचं. पाय लागला तर लागू दे, हर्डल पडली तर पडू दे. उलट मला निदान दोन पडलेल्या दिसल्या पाहिजेत. त्याशिवाय मी तुझं नाव लिहिणार नाही. कळलं?"

शालनने त्यांच्याकडे बघितलं, मग हर्डलच्या रांगेकडे बघितलं.

"पाडायच्या?"

"पाडायच्या."

आता त्या हर्डलचं सांगायलाच हवं. शाळेला खेळाचं सामान म्हणून लेझीम आणि डंबेल्स यायचे, हर्डल कुठून येणार! म्हणून मी फाट्यावरच्या बबन वेल्डरला गाठलं आणि नियमांच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. हर्डलला खाली पाय असतात ते एकाच बाजूला, पळणारा जिकडून येतो त्या बाजूला. म्हणजे धक्का लागला की ती पुढे कलंडते आणि पळणारा आपल्या वाटेने जातो. बबन हाडाचा कारागीर. शेताची फाटकं आणि ट्रॉल्या करून त्याचा हात बसलेला. आठ दिवसांनी गेलो तर हर्डल तयार, रंगसुद्धा दिलेला, आणि प्रत्येकीला दोन्हीकडे पाय.

"सर, पुस्तकवाल्यानं चुकीचं काढलंय," बबन म्हणाला होता. "एका अंगाला पाय ठिवला तर पोराच्या धक्क्यानं पडंल की! मी दोन्हीकडनं आवळून टाकलंय. आता बैल धडकू द्या, हालायची न्हाई." आणि तो त्यातल्या एकीवर चढून बसला.

मी पुस्तक वाचलेलं होतं. ती पडावी म्हणूनच तशी असते, हे मला माहीत होतं. पण बबनचा चेहरा इतका फुललेला, की त्याचं मन मोडवेना. आणि खरं सांगू? माझ्या मनात आलं, बरंच झालं. पोरं पाडणार आणि मी दर खेपेला वाकून उचलत बसणार, ती कटकट तरी वाचली.

सहा महिन्यांत मालनचा गुडघा चौथ्या हर्डलवर आदळला. हर्डल जागची हलली नाही. तो आवाज मी इथं लिहीत नाही. गुडघ्याची वाटी फुटली, दवाखाने झाले, पाय सरळ राहिला तो राहिलाच. शाळेने माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिलं, "विद्यार्थिनीचे लक्ष नसल्याने तिचे पाऊल चुकले." तिच्या बापालाही घरी जाऊन, त्याचाच चहा पीत तेच सांगितलं, आणि खाटेवर पडलेल्या मालनलाही. "तुझं ध्यान नव्हतं गं," मी म्हणालो. तिनं मान हलवली. बिचारी माझीच समजूत काढत होती, "असू द्या सर, व्हतंय कवा कवा."

त्याच आठवड्यात बबनकडे जाऊन पुढचे पाय कापून आणता आले असते. एका दुपारचं काम. पण कापले असते तर लोकांनी विचारलं असतं, का कापले? तेव्हा मी ते तसेच ठेवले. वर्षभराने मालनच एक दिवस लंगडत शालनला घेऊन आली, "हिला शिकवा, सर. ही माझ्यापरास चपळ हाय." मी नाही म्हणून बघितलं, पण कारण काय देणार? आणि त्या दिवसापासून माझी शिक्षा सुरू झाली. रोज सकाळी आठ हर्डल.

साताऱ्याहून परत येताना शालनने एस.टी.त विचारलंही होतं. "सर, तितल्या हर्डली सारख्या पडत कशा हुत्या? नुसता पाय लागला की धाडदिशी."

"स्वस्तातल्या असतील," मी म्हणालो होतो. "आपल्या पक्क्या आहेत." आणि तिला त्याचा अभिमान वाटला होता.

तर आता मॅडम सांगत होत्या, पाड. आणि शालन माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हर्डल हलत नाही हे तिला माहीत होतं. बहिणीचा पाय तिने तीन वर्षं बघितला होता. पण पाडल्याशिवाय नाव लिहिलं जाणार नाही, हेही तिने ऐकलेलं होतं. तिने वाकून स्वतःचा गुडघा एकदा चोळला.

"सर, पाडू?"

एक शब्द पुरे होता. नको. एवढंच म्हणायचं होतं. पण 'नको' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का'च्या मागे ते दोन्हीकडचे पाय, पुस्तकातलं चित्र, अहवाल, गलांडेच्या घरचा तो प्यालेला चहा, सगळी वरात उभी होती. मी इतका भ्यालो होतो, की माझ्या तोंडून काय निघतंय ते मलाच उशिरा कळलं.

"मॅडम सांगतात तसं कर," मी म्हणालो.

"जी," म्हणून ती रेघेकडे चालायला लागली.

ती रेघ मोजून चाळीस पावलांवर असेल. त्या चाळीस पावलांत मी स्वतःला काय काय सांगितलं! ती नाही पाडणार. सवय आहे, आपसूक वरून जाईल. लागलाच तर नुसता चाटून जाईल. मी 'तयार' म्हणेन आणि शिट्टी फुंकणारच नाही, दम लागल्याचं सोंग करीन. शिट्टी तोंडात होती, तिचा पत्रा दातांवर वाजत होता.

"जागेवर!"

शालन वाकली. या वेळी ती डोकं खाली घालून बसली नव्हती, पहिल्या हर्डलकडे टक लावून बघत होती. नाक फुललेलं. तिने ठरवलं होतं. ती पाडणार होती.

"तयार!"

मी छातीत हवा भरली.

"बाई, थांबा!"

मालन रुळावरून उठली होती. ती कधी भरभर चालत नसे. आता तो सरळ पाय फेकत फेकत, जवळजवळ पळतच मैदानात आली आणि पहिल्या हर्डलच्या पुढे उभी राहिली.

"ती पाडंल, बाई. येडी हाय ती, तुमी सांगितलं म्हंजी पाडंल. पर ही पडत न्हाई."

"पडत नाही म्हणजे?"

मालनने दोन्ही हात हर्डलच्या पट्टीवर ठेवले आणि सगळा भार टाकून ढकललं. हर्डल जागची हलली नाही.

मॅडम तिथवर गेल्या. त्यांनी बुटाने एक धक्का दिला, मग जोरात दुसरा. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि खालचे पाय बघितले, इकडचे आणि तिकडचे. उठल्या तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता. त्यांनी आधी शालनकडे बघितलं, मग मालनच्या पायाकडे बघितलं, आणि मग सावकाश चालत माझ्याकडे आल्या. शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती. ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

"ह्या कुणी केल्या?"

"आमचा वेल्डर आहे, बबन, त्याला चित्र नीट..."

"वेल्डरचं नाही विचारत. तुम्हाला माहीत होतं?"

मालन पंधरा पावलांवर उभी होती. मी तोंडातल्या तोंडात, फक्त मॅडमना ऐकू जाईल इतकंच म्हणालो, "हो."

तेवढ्यातही मी स्वतःला वाचवतच होतो.

मॅडम म्हणाल्या, "आणि आत्ता मी तिला..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आपण एका पोरीला कशावर धाडत होतो हे त्यांना कळलं होतं, आणि दोष त्यांचा नसूनही त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या होत्या.

तासाभरात दोन हर्डल बबनच्या दुकानात होत्या. बबन कटर चालवत होता आणि कुरकुरत होता. "तीन वर्सांत एक पडली न्हाई, सर, आन् बाई म्हणत्यात पडली पायजे! मग करायची कशाला?" त्याला कोण समजावणार? त्याचं खरोखर काही चुकलं नव्हतं. कापलेले गरम लोखंडी पाय जमिनीवर पडले तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली.

मॅडमनी त्या दोनच हर्डल मैदानावर लावल्या आणि शालनला हाताला धरून त्यांच्याजवळ नेलं. एक पाडून दाखवली. "बघ. अशी पडते. तुला काही करत नाही."

शालन पळाली. पहिलीवरून वीतभर वरूनच गेली. सवय कुठं जाते! पण दुसरीला ती खाली आली, टाच लागली आणि हर्डल धाडकन पडली. शालन तिथंच थांबली. दोन्ही हातांनी गुडघा धरून, डोळे घट्ट मिटून, कळ यायची वाट बघत ती उभी राहिली. कळ आली नाही. तिने एक डोळा उघडून मागे बघितलं आणि एकदम हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मॅडमनी तिला पोटाशी धरलं.

"नाव लिहिलंय तुझं," त्या म्हणाल्या.

शालन जूनमध्ये गेली. पुढे राज्यात पहिली आली, दुसऱ्या वर्षीच. नंतर देशभर पळाली. आता तीही मुलींना शिकवते, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला हर्डल हाताने पाडायला लावते, असं ऐकलंय.

त्या दिवशी मॅडम चहा न घेताच निघाल्या. मी फाट्यापर्यंत गेलो. एस.टी. येताना दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या वहीत मी मुलीचं लिहिलंय. तुमचं लिहायला यात रकाना नाही. राहिलेल्या सहा आजच कापून घ्या. आणि त्या थोरलीला जे सांगायचंय ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

मी परत मैदानावर आलो. येताना मनाशी वाक्य जुळवत होतो आणि मोडत होतो. शालन घरी आईला सांगायला पळत गेली होती. मैदानात मालन एकटीच होती, त्या पडलेल्या हर्डलपाशी.

तिने ती उचलून उभी केली. वरच्या पट्टीला दोन बोटं लावली आणि ढकललं. हर्डल पडली. तिने पुन्हा उभी केली आणि पुन्हा दोन बोटं लावली. मी जवळ जाईपर्यंत तिने ती तीनदा पाडली होती. मग तिने मान वर केली.

"एवढंच हुतं व्हय, सर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मालन," मी म्हणालो, "तुझं पाऊल चुकलं नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिने समोरची हर्डल आणखी एकदा पाडली. या वेळी उचलली नाही. मी उचलीन म्हणून थांबली. मी वाकलो, हर्डल उचलली आणि उभी केली.

मालन नसती उठली, तर मी ती शिट्टी वाजवली असती का? पंचवीस वर्षं मी स्वतःला हे विचारतोय. छातीत हवा भरली होती, एवढं मला आठवतं.

तिने दोन बोटं लावून ती पाडली. मी वाकून उचलली. तिने पुन्हा पाडली. उन्हं डोक्यावर आली, शाळेची घंटा झाली, पोरं व्हरांड्यात येऊन बघायला लागली. ती पाडत होती, आणि मी उचलत होतो.